उजव्या पायाची नोंद

अस्मरा, २२ नोव्हेंबर

चि. सेनाय,

आशीर्वाद पाठवण्याचा अधिकार माझ्याकडे शिल्लक आहे की नाही, याविषयी विद्वानांत मतभेद संभवतात. म्हणून तूर्त केवळ हवामान पाठवतो. पहाटे सात अंश, वारा पूर्वेचा, नेफासितच्या घाटात धुके. हे हवामान विनाअट स्वीकारावे.

तुझ्या आईच्या, लेतेन्साएच्या, मृत्यूचा चाळिसावा दिवस काल यथासांग पार पडला. गल्लीत मांडव होता. पुरोहित तीन आले आणि सहा जणांचे जेवले, त्यावरून विधी उत्तम झाला असे सर्वांचे मत पडले. अस्गेदोम अजूनही क्लबची गाडी चालवतो आणि अजूनही कोणत्याही गोष्टीची लाज बाळगत नाही. सुव्याच्या घरगुती बिअरचा तिसरा पेला संपवून तो भर मांडवात म्हणाला, "वोल्देआब, लेतेन्साए असती तर म्हणाली असती, माणसं जेवायला बोलावलीस चारशे, पण वाढायला एकदा तरी वाकलास का?" मी म्हणालो, "माझी कंबर राज्यस्तरीय शर्यतींत खर्ची पडली आहे." लोक हसले. मीही हसलो. मग मी आत जाऊन तिच्या कॉफीच्या भांड्याचा मातीचा गळा पुसत बसलो. तो स्वच्छच होता.

तुला येता आले नाही. का, ते आपण दोघेही जाणतो आणि दोघेही कागदावर लिहीत नाही.

आता मुद्दा. या पत्राला भावनिक पत्रव्यवहार समजण्याची घाई करू नये. ही शास्त्रीय चौकशी आहे, आणि ती मी अस्मरा-द्विचक्री-विद्यापीठाचा स्वयंनियुक्त कुलगुरू या नात्याने करीत आहे. सहा वर्षांत तुला एकही पत्र न लिहिणारा इसम पहिल्याच पत्रात चौकशी करतो, हे शिष्टाचारास धरून नाही, हे मान्य.

आपल्या क्लबचा तो डावा क्रँक, पेडलचा दंड, तुला स्मरत असेल. (न स्मरण्याइतका तू भाग्यवान नाहीस.) इटलीहून शर्यत पाहायला आलेल्या त्या पाहुण्याने जाताना काढून दिलेला, पॉवर मीटर बसवलेला. पाऊल पेडलवर दाब देते तेव्हा क्रँकचा धातू केसभर वाकतो. ते वाकणे आतली पट्टी मोजते आणि हँडलवरच्या पडद्यावर वॉटमध्ये आकडा उमटतो. अस्मऱ्यात असे यंत्र दुसरे नव्हते. मी त्याचे नाव महर्षी ठेवले. स्वार बारा, महर्षी एक. त्यामुळे दर रविवारी पान्याने दोन बोल्ट सैल करून महर्षींची पालखी या सायकलीवरून त्या सायकलीवर जात असे, आणि ज्याच्या सायकलीवर ते विराजमान होत त्याची त्या दिवशी परीक्षा असे.

महर्षींची एक मर्यादा होती. ते केवळ डाव्या दंडात वास करीत. डाव्या पायाचे बळ मोजावे, त्याची दुप्पट करावी आणि तो आकडा संपूर्ण मनुष्याचा म्हणून जाहीर करावा, ही त्यांची पद्धती. माणसाचे दोन्ही पाय सारखेच प्रामाणिक असतात, असा त्यांचा विश्वास. उजवा पाय मेला तरी महर्षींना सुतक नाही. हे मला फार पुढे कळले.

चौकशी अशी. क्लबात सध्या एक स्वार आहे. नाव महत्त्वाचे नाही. चढावर अर्धा तास झाला की तो स्वार उजवे पाऊल पेडलच्या खटक्यातून सोडवतो, हवेत दोनदा झटकतो आणि परत अडकवतो. ओले बोट झटकावे तसे. विचारले तर काही नाही म्हणतो. आकडा उत्तम आहे. तुझे पाऊल कितव्या मिनिटाला झोपायचे? तळव्यातून सुरू व्हायचे की पोटरीतून? आणि तिकडच्या डॉक्टरांनी त्या विकाराला जे नाव दिले, ते काय होते?

नाव मला ठाऊक असायला हवे होते. तुझ्या आईला ठाऊक होते. ती तुझ्याशी बोलताना फोन स्पीकरवर लावायची. ती बहिरी नव्हती. ती असे का करते हे मला सहा वर्षांत कळले नाही, असे मी सहा वर्षे दाखवले. मी शेजारच्या खोलीत पंप घेऊन बसायचो. परंतु ज्या दिवशी तू दवाखान्यातून ते नाव सांगितलेस, त्या दिवशी मी चाकात हवा भरायला अंगणात गेलो. चाकात हवा पुरेशी होती.

तो फोन आता लुवामकडे असतो. तुझी बहीण गच्चीवर जाऊन बोलते. ती स्पीकर लावत नाही.

हे पत्र अस्गेदोमच्या मेहुणीच्या पिशवीतून रोमला आणि तेथून तुझ्याकडे बोलोन्याला येईल. पिशवीत बेर्बेरेची लाल पूड दोन किलो आहे. वाचताना डोळ्यांत पाणी आल्यास ते मिरचीचे समजावे.

तुझ्या नावामागून चालणारा,
वोल्देआब


अस्मरा, १९ डिसेंबर

चि. सेनाय,

उत्तर न येणे हेही एक उत्तर असते, असे म्हणणारे लोक बहुधा टपालखात्यात नोकरीस असावेत. मी त्या मताचा नाही. परंतु पत्र तुझ्या हाती पडले, हे अस्गेदोमच्या मेहुणीने कळवले आहे. "त्याने दारातच घेतलं, आत या म्हणाला, चहा केला, पण पाकीट माझ्यासमोर फोडलं नाही," असे तिचे निवेदन. शिवाय तू दोन जिने चढून वर येताना मध्ये थांबलास, असेही ती म्हणाली. हे तिला कोणी विचारले नव्हते.

मागील पत्रात एक दुरुस्ती करणे आहे. 'स्वार' असा जो पुल्लिंगी उल्लेख होता, तो चुकून नव्हता. ती लुवाम आहे.

तू गेलास तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि तुझ्या जुन्या सायकलीवर तिचे पाय पुरत नव्हते. आता ती चढावर मुलामुलींना मागे टाकते आणि वर पोहोचून त्यांची वाट पाहत केळे खाते, हा अपमान त्यांना विशेष जिव्हारी लागतो. बारा फेब्रुवारीला निवडीची शर्यत आहे. पहिल्या तिघी परदेशी जातील. तिची जागा निश्चित आहे, असे सगळे म्हणतात, आणि सगळे म्हणतात तेव्हा मला आताशा भीती वाटते.

गेल्या रविवारी महर्षी तिच्या सायकलीवर होते. मी गाडीतून मागे. नेफासितच्या वर पाचव्या वळणाला तिने पाऊल झटकले. मी अस्गेदोमला गाडी तिच्याशेजारी घ्यायला सांगितली.

"पाय का झटकतेस?"

"मुंग्या आल्या."

"कधीपासून?"

"आत्ताच."

"मागच्या रविवारीही आत्ताच होतं."

तिने माझ्याकडे पाहिले नाही. पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "आबो, आकडा बघा ना. दोनशे छत्तीस. महर्षी खोटं बोलतात का कधी?"

हे माझेच वाक्य. सहा वर्षांपूर्वी मी ते किती जणांसमोर म्हटले होते, याची गणती तुझ्याकडे असेल. अस्गेदोमने काच वर केली आणि बराच वेळ काही बोलला नाही. त्याच्या बाबतीत ही घटना नोंद घेण्याजोगी आहे. वरच्या टोकाला पोहोचल्यावर म्हणाला, "तुझीच पोरगी. तुझंच शस्त्र उलटं धरलंय तिने."

घरी आल्यावर मी तिला सरळ म्हणालो, तुझ्या भावाचे असेच सुरू झाले होते. ती इंजेराचा घास तसाच हातात धरून म्हणाली, "मला माहीत आहे. आणि तुमच्याकडे पाय दुखतो म्हटल्यावर काय होतं, तेही माहीत आहे. मी रस्त्याच्या कडेला उभी होते त्या दिवशी."

ती तेथे होती, हे मला ठाऊक नव्हते.

तुझ्या निवडीच्या शर्यतीत शेवटच्या चढावर तू मागे पडू लागलास, आणि मी क्लबच्या गाडीच्या खिडकीतून कर्णा बाहेर काढून ओरडलो, "सेनाय! उजवा पाय रजेवर गेला काय? अर्ज केला होतास का?" रस्त्याच्या दोन्ही बाजूंची माणसे हसली. अस्मऱ्यात त्या आठवड्यात ते वाक्य कॅफेकॅफेत फिरले. मला दोन ठिकाणी फुकट माकियातो कॉफी मिळाली. पुढच्या वळणावर तू थांबू पाहिलेस, पण पाऊल इतके बधिर होते की ते पेडलमधून सुटेना, आणि तू उभ्या सायकलीसह कडेला आडवा झालास. तुला वाटले असेल की मी ते पाहिले नाही. मी आरशात पाहिले. तू उठून परत चढलास आणि पाचवा आलास. पडद्यावरची सरासरी त्याही दिवशी तीनशे पन्नास होती, म्हणून तुला तरीही निवडले. आकड्याचा मान मोठा.

तीन महिन्यांनी तुझा फोन आला. त्या दिवशी तो मीच उचलला होता. तू म्हणालास, "आबो, पाय गेला. रक्त पोहोचत नाहीये म्हणतात. उशीर झालाय." आणि मी म्हणालो, "म्हणजे रजा मंजूर झाली म्हणायची."

मला ते म्हणायचे नव्हते. घाबरलेल्या माणसाच्या तोंडातून किंकाळी निघते. माझ्या तोंडातून विनोद निघतो. हा माझा जन्मजात दोष असून याला डॉक्टरांनी अद्याप नाव शोधलेले नाही. तुझ्या आईने माझ्या हातातून फोन काढून घेतला, आणि त्यानंतर तो कधी माझ्या हाती आला नाही. म्हणूनच मी फोन न करता लिहितो. कागदावर विनोद आला तर तो खोडता येतो. या पत्रात चार खोडले आहेत.

तुझ्या आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकात, कॉफीच्या डब्यात, शालीच्या घडीत, सगळीकडे शोधले. तिने ते नाव कोठेही लिहून ठेवलेले नाही. येथील डॉक्टरांकडे लुवामला एकदा फसवून नेले; त्यांनी तिला पलंगावर निजवले, नाडी पाहिली आणि म्हणाले, असा निरोगी पाय आम्ही वर्षभरात पाहिला नाही. तुझ्याही बाबतीत असेच म्हणाले होते, आणि मी तो दाखला कॅफेत वाचून दाखवला होता.

ती माझे ऐकणार नाही. ऐकावे असे मी काही केलेले नाही. तुझे ऐकेल. मला लिहू नकोस हवे तर. पण तिला सांग.

वोल्देआब


अस्मरा, १० जानेवारी

सेनाय,

लिदेत, आपला नाताळ, होऊन तीन दिवस झाले. सणाची कॉफी मी केली. बिया करपल्या. पहिली फेरी लुवामने प्यायली, दुसरीही प्यायली, आणि तिसऱ्या फेरीला, आशीर्वादाच्या पेल्याला, "सरावाला उशीर होतोय" म्हणून उठली. तूही त्या सकाळी विमानतळावर जाण्यापूर्वी दुसऱ्या पेल्यावरच उठला होतास. तुझी आई त्यानंतर दरवेळी एक तिसरा पेला भरून खिडकीशी ठेवी. मी तो फेकून देत असे. ते आता तुला सांगून टाकतो.

लुवाम म्हणते तू तिच्याशी बोललास. मी विचारले, काय म्हणाला? "विचारत होता, आबो अजून विनोद करतात का?" मी विचारले, तू काय सांगितलेस? "म्हटलं, हो." याखेरीज तिने काही सांगितले नाही. पाऊल ती आताही झटकते. फक्त मी मागे असलो की वळण येईपर्यंत थांबते.

तू उत्तर का देत नाहीस, याचा मी पुष्कळ विचार केला. एक कारण मला सापडले आहे. तुला एक गोष्ट ठाऊक आहे, किंवा तिचा संशय आहे, आणि ती मी कबूल करतो की नाही याची तू वाट पाहत आहेस.

पहिल्या पत्रात मी लिहिले, महर्षी केवळ डावा पाय पाहतात हे मला फार पुढे कळले. ते असत्य आहे.

शर्यतीपूर्वी तीन आठवडे तू म्हणालास, "आबो, उजवा पाय वीस-पंचवीस मिनिटांनी मरतो." मी म्हणालो, महर्षींना विचारू. क्लबच्या अंगणात सायकल घोडीवर चढवली, तुझा डावा पाय सोडवला आणि म्हणालो, आता एकट्या उजव्याने चालव. तू चालवलेस. घाम गळेपर्यंत चालवलेस. पडद्यावर शून्य. मी सर्वांना जवळ बोलावून दाखवले: "पाहा! याचा उजवा पाय गेल्या जन्मापासून कामावर हजर नाही!" अकरा जण हसले. तूही हसलास. तू इतरांबरोबर हसायचास, तेव्हा तुझा डावा डोळा बारीक होत असे. तो झाला नव्हता.

दुपारी सगळे पांगल्यावर मी स्वतः त्या सायकलीवर बसलो. माझे उजवे पाऊल आयुष्यात कधी बधिर झालेले नाही. एकट्या उजव्याने जीव खाऊन चालवले. शून्य. मग डाव्याने चालवले. आकडे आले.

मी मूर्ख नाही, सेनाय. ही माझी अडचण आहे. मूर्ख असतो तर आज निर्दोष असतो. त्या क्षणी मला सर्व कळले. तीनशे पन्नास म्हणजे तुझ्या डाव्या पायाची दुप्पट. उजवा जितका मरत होता तितका डावा अधिक राबत होता, आणि तो जितका राबत होता तितका आकडा चढत होता. तुझा पाय संपत चालला होता आणि पडदा तुझी प्रगती दाखवत होता.

मी कोणालाही सांगितले नाही. तुलाही नाही. तुझा आकडा निवड समितीकडे गेला होता आणि तो मी स्वाक्षरीनिशी पाठवला होता. कॅफेत माझे नाव झाले होते. तीस वर्षांत मी कोणासमोरही 'चुकलो' हा शब्द उच्चारला नव्हता, आणि प्रारंभ स्वतःच्या मुलापासून करावा याची लाज वाटली. शर्यत होऊ दे, मग सांगू, असे ठरवले. शर्यत झाली, तुझी निवड झाली, मग म्हटले परत आला की सांगू. तू परत आला नाहीस.

कर्णा हाती घेऊन ओरडलो तेव्हा मला ठाऊक होते की पाय खरोखर जात आहे. न जाणता केलेला विनोद आणि जाणून केलेला विनोद, शब्द तेच असतात. म्हणून सहा वर्षे कोणी मला पकडू शकले नाही.

तुझी आई पकडू शकली असती. तिने विचारले नाही. फक्त स्पीकर लावत राहिली.

आता माझ्याकडे लपवण्यासारखे काही उरले नाही आणि लुवामकडे तेहतीस दिवस उरले आहेत. ते नाव मला दे.

वोल्देआब


अस्मरा, १४ फेब्रुवारी

प्रिय सेनाय,

पुडके पोहोचले. बोलोन्याहून सुट्टीवर आलेल्या त्या गृहस्थाने ते चार तारखेला घरी आणून दिले आणि म्हणाला, "फार जड आहे हो, दगड पाठवलाय की काय?" मी म्हणालो, अपेक्षा तीच होती.

आत पत्र नव्हते. मी वेष्टनाचा कागदही उलटा करून पाहिला. होता तो उजवा क्रँक, दातेरी चकतीसकट, त्याच बनावटीचा, मीटर बसवलेला, दंडावर थोडा ओरखडा. जुना घेतलेला दिसतो. गोदामातल्या पगारात तुला तो कसा परवडला, हे विचारत नाही. आणि होता तुझ्या दवाखान्याचा कागद, विकाराचे नाव दोनदा अधोरेखित केलेले. वर्षानुवर्षे वाकून सायकल चालवल्याने जांघेतली धमनी आतून जाड होते. निजल्यावर पाय ठणठणीत, चढावर उपाशी. समासात तुझ्या हस्ताक्षरात एकच ओळ: 'आधी दमवा, मग तपासा.' पुडक्यावर पाठवणाऱ्याचे नाव लिहिणे कायद्याने बंधनकारक असते. तेथे तू 'सेनाय वोल्देआब' असे लिहिले आहेस. ती क्षमा नाही, अर्जातील रकाना आहे, हे मी जाणतो. तरी तो तुकडा कापून ठेवला आहे.

पाच तारखेला पहाटे तिच्या सायकलीवर दोन्ही दंड बसवले. तुला आठवते, निघण्यापूर्वी महर्षींना शून्य शिकवावे लागते: दंड सरळ खाली लोंबता ठेवायचा, पेडलवर कोणाचे पाऊल नाही, सायकल हलवायची नाही, आणि मग कळ दाबून यंत्राला सांगायचे की याला काहीही नाही असे म्हणतात. थंडीत धातू आखडतो, उन्हात सैलावतो, म्हणून हे रोज करायचे. मी पूर्वी पंधरा दिवसांनी एकदा करायचो. त्या सकाळी तीनदा केले. लुवाम म्हणाली, "आबो, झालं की." मी म्हणालो, अजून एकदा.

नेफासितहून वर. पहिली वीस मिनिटे दोन्ही पाय सख्ख्या भावंडांसारखे: डावा एकशे चार, उजवा एकशे एक. सव्विसाव्या मिनिटाला उजवा ब्याण्णव. पाचव्या वळणावर डावा एकशे वीस, उजवा सत्तर. तिने पाऊल झटकले. मग तिने पडदा पाहिला, आणि पेडल मारायची थांबली.

मी गाडीतून उतरलो. अस्गेदोम उतरला नाही. ती रस्त्याच्या कडेच्या दगडी कठड्यावर बसली होती. मीही बसलो. खाली धुके होते. माझ्या जिभेवर तीन विनोद आले, सेनाय, तिन्ही उत्तम. मी गप्प राहिलो.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बारा तारखेनंतर दाखवलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"तुझ्या भावाला मी नंतरच सांगणार होतो."

"काय सांगणार होतात?"

मग मी तिला सर्व सांगितले. घोडीवरचे शून्य, ती दुपार, आरसा. ती ऐकत होती आणि उजवी पोटरी चोळत होती. माझे संपल्यावर म्हणाली, "दादाचा उजवा तेव्हा किती आला असता?"

"डावा एकशे पंचाहत्तर होता. उजवा ठाऊक नाही," मी म्हणालो. "मी मोजलाच नाही."

ती उठून सायकल ढकलत चालू लागली. गाडीत बसली नाही. तेथून अस्मऱ्यापर्यंतचा चढ ती चालत आली, आणि आम्ही दोन म्हातारे पहिल्या गियरमध्ये तिच्या मागे. मागून हॉर्न वाजले. अस्गेदोम म्हणाला, "बाजूने जा रे, इथे मयत चाललंय." मग स्वतःच म्हणाला, "माफ कर."

तुझा कागद घेऊन दवाखान्यात गेलो. या वेळी मी डॉक्टरांना म्हणालो, आधी दमवा. त्यांनी तिला सायकलीवर दमवले आणि लगेच घोट्याशी नाडी पाहिली. सापडली नाही. पाच मिनिटांनी परत आली. डॉक्टर पुन्हा पुन्हा चाचपत राहिले. धमनी जाड होऊ लागली आहे, बंद झालेली नाही. सायकल बंद, निदान वर्षभर, मग पाहू. बारा तारखेला ती शर्यतीला गेली नाही आणि घराबाहेरही पडली नाही. जिंकली ती मुलगी, लुवाम वर केळे खात ज्यांची वाट पाहायची त्यांतली. लुवाम माझ्याशी बोलत नाही. ते योग्यच आहे, आणि मला त्याची सवय आहे. दोन्ही पायांनी चालणारी मुलगी घरात माझ्याशी न बोलता फिरते, तिची पावले मी ऐकतो.

तुझ्या पायाचे काय, ते मला या जन्मी फेडता येणार नाही. ते मी येथे लिहितो, एवढेच.

काल दुपारी तुझा फोन वाजला. लुवाम गच्चीकडे निघाली. मी शेजारच्या खोलीत पंप घेऊन बसलो होतो. जिन्याशी तिची पावले थांबली. ती परत आली, तुझ्या आईच्या खुर्चीत बसली, आणि मग तुझा आवाज भिंतीतून नव्हे, सरळ दारातून आला. तिने स्पीकर लावला होता.

तू तिच्या पायाची चौकशी केलीस. तिने सांगितले. मग तू विचारलेस, "कठड्यावर बसलीस तेव्हा आबो काय म्हणाले?"

"काही नाही. शेजारी बसले."

"विनोद नाही केला?"

"नाही."

रस्त्यावरून एक गाडी गेली, ती तुझ्याकडची की इकडची ते मला कळले नाही. मग तू म्हणालास, "बरे आहेत ना ते?"

माझ्या हातात पंप होता. अंगणाचे दार उघडे होते. चाकात हवा पुरेशी होती, सेनाय. मी उठलो नाही.

वोल्देआब